१२३४५६७८९ च्या पोटात काय आहे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, मी आठवीत शिकते. सरांनी सुट्टीत करायला एकच गणित दिलंय : १२३४५६७८९ चे मूळ अवयव पाडा, कॅल्क्युलेटर न वापरता. अंकांची बेरीज ४५ येते म्हणून ९ ने भाग गेला आणि भागाकार १,३७,१७,४२१ आला. पुढे ७ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकीनेही नि:शेष भाग जात नाही. बाबा म्हणतात, आता ती मूळच असणार. तसं लिहून टाकू का? (एक विद्यार्थिनी, तासगाव)

उत्तर : थांब, एवढ्यात लिहू नकोस. आधी तुझ्या कामाबद्दल सांगते. एकरेघी कागदांवर करून पाठवलेले तुझे भागाकार मी पेन्सिल घेऊन एकेक तपासले. ३१ ने भागल्यावर ४,४२,४९७ आणि बाकी १४. ९७ ने भागल्यावर १,४१,४१६ आणि बाकी ६९. सगळे बरोबर आहेत. आठवीतली मुलगी आठ अंकी संख्येला बावीस वेळा हाताने भागते आणि एकही बाकी चुकत नाही, हे बघून मला फार आनंद झाला. पुष्कळ वर्षं शाळेत गणित शिकवलंय, म्हणून सांगते, असे कागद रोज हातात येत नाहीत.

पण बाबांचा अंदाज बरोबर नाही. ९७ पर्यंत एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, यावरून मूळ असल्याची खात्री फक्त १०,२०१ पेक्षा लहान संख्येची देता येते, कारण पुढची मूळ संख्या १०१ आणि तिचा वर्ग १०,२०१. तुझी संख्या एक कोटीच्या पुढची आहे. तिचं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ च्या मधे येतं, म्हणजे ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. त्याच्या पुढे मात्र जायला नको. दोन्ही अवयव ३७०४ किंवा त्याहून मोठे असले तर त्यांचा गुणाकार निदान १,३७,१९,६१६ होईल आणि तो तुझ्या संख्येपेक्षा जास्त आहे. म्हणजे अवयव पडत असतील तर त्यांतला एक ३७०३ च्या आत सापडलाच पाहिजे.

आता ३७०३ पर्यंत मूळ संख्या किती? पाचशेच्या वर. घाबरू नकोस, तेवढे भागाकार करायला मी सांगणार नाही. दुसरी वाट आहे आणि ती तुमच्या पुस्तकातल्या सूत्रावरूनच जाते : अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). आपली संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता आली, की अवयव आपोआप हातात पडतात.

वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे आहे, म्हणून ३७०४ पासून सुरुवात कर. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून १,३७,१७,४२१ वजा केले की २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग आहे का? शेवटी ५ असलेल्या पूर्ण वर्गाचे शेवटचे दोन अंक नेहमी २५ असतात, इथे ९५ आहेत. म्हणजे नाही. आता ३७०५ घे. पण त्याचा वर्ग नव्याने काढत बसू नकोस. ३७०४ च्या वर्गात ३७०४ ची दुप्पट अधिक १, म्हणजे ७४०९ मिळवले की ३७०५ चा वर्ग होतो. मग आपल्या २१९५ मध्येही तेवढेच मिळवायचे. २१९५ + ७४०९ = ९६०४. हा आकडा नीट बघ. शंभरातून दोन गेले अठ्ठ्याण्णव, त्यांचा वर्ग १०,००० − ४०० + ४, म्हणजे ९६०४! सापडला.

१,३७,१७,४२१ = ३७०५² − ९८² = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३

दुसऱ्या पायरीत गणित सुटलं. तुझ्या रीतीने गेली असतीस तरीही सुटलं असतं, पण ३६०७ ही मूळ संख्यांच्या ओळीतली ५०४ वी संख्या आहे आणि ९७ ही २५ वी. म्हणजे आणखी ४७९ भागाकार!

३६०७ आणि ३८०३ या स्वतः मूळ आहेत का, हे तू तपास. आता ते सोपं आहे. पहिलीसाठी ५९ पर्यंत आणि दुसरीसाठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ३६०७ ला ५३ ने भागताना सावध राहा, जवळजवळ गेल्यासारखा वाटतो पण ३ उरतात. ३८०३ ला ७ ने भागलं की २ उरतात, १९ ने भागलं की ३. दोन्ही मूळ निघतील. मग सरांना लिहून दे : १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. हिला एकूण १२ विभाजक आहेत, तेही शेवटी लिही. ३ चा घात २ म्हणून तीन पर्याय, बाकी दोघींचे दोन-दोन, ३ × २ × २.

ही रीत फर्माची म्हणून ओळखली जाते. फ्रान्समधल्या या कायदेपंडिताने १६४३ च्या सुमारास २,०२,७६,५१,२८१ ही संख्या घेऊन ती करून दाखवली. त्याने ४५,०३० पासून सुरुवात केली आणि बाराव्या पायरीला, ४५,०४१ वर, उत्तर आलं : ४४,०२१ × ४६,०६१. पण आपल्याकडे नारायण पंडितांनी १३५६ साली लिहिलेल्या गणितकौमुदीत विभाजक काढायचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात हीच कल्पना आहे. बाकी पूर्ण वर्ग नसेल तर तिच्यात पुढची विषम संख्या मिळवत जायचं, पूर्ण वर्ग मिळेपर्यंत. तू वर ७४०९ मिळवलेस, ते त्यांच्याच पद्धतीने. शाळेत फर्माचं नाव कधीतरी कानावर येतं, नारायण पंडितांचं येत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुझ्या वहीत दोघांचीही नावं लिही.

आता तू विचारशील, मग भागाकार सोडूनच द्यायचे का? अजिबात नाही. हेच अंक उलटे घे : ९८७६५४३२१. ९ ने भागून १०,९७,३९,३६९ येतात. इथे वर्गांची रीत लावलीस तर १०,४७६ पासून निघून थेट १,९०,००५ पर्यंत जावं लागेल, म्हणजे १,७९,५३० पायऱ्या. आणि तुझ्या पद्धतीने? ७ ने नाही, ११ ने नाही, १३ ने नाही, १७ ने गेला! आलेल्या भागाकाराला पुन्हा १७ ने भाग जातो आणि ३,७९,७२१ ही मूळ संख्या उरते. ९८७६५४३२१ = ३² × १७² × ३,७९,७२१. वर्गांची रीत दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की झटपट फळते, लहान अवयव असले की साधा भागाकार. संख्या बाहेरून बघून यातलं काहीच कळत नाही. तेच नऊ अंक, सरळ लिहिले की एक स्वभाव, उलटे लिहिले की दुसरा. म्हणून आधी पंचवीस-तीस लहान मूळ संख्यांनी भागून बघायचं, जसं तू केलंस, आणि मग वर्गांकडे वळायचं. तू अर्धी वाट योग्यच चालली होतीस.

प्रश्न : बाई, सांगलीचा पिन कोड ४१६४१६. त्याला ७, ११ आणि १३ तिन्हींनी भाग जातो असं आमच्या सांगलीच्या व्याह्यांनी ऐकवलं. आमच्या साताऱ्याच्या ४१५००१ मध्ये सांगण्यासारखं काही आहे की नाही? (एक वाचक, सदर बझार, सातारा)

उत्तर : व्याह्यांचं म्हणणं खरं आहे. ४१६४१६ म्हणजे ४१६ × १००१, आणि १००१ = ७ × ११ × १३. तीन अंक लिहून तेच पुन्हा लिहिले की १००१ ने गुणाकार होतो, मग ते अंक कुठले का असेनात. सांगलीच्या बाबतीत ४१६ मध्येही एक १३ आहे, म्हणून पूर्ण फोड २⁵ × ७ × ११ × १३² अशी होते.

यातूनच एक कामाची कसोटी मिळते. कुठल्याही मोठ्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि ते आळीपाळीने अधिक-वजा करायचे. वरच्या मुलीच्या १३७१७४२१ चे गट ४२१, ७१७ आणि १३. ४२१ − ७१७ + १३ = −२८३. आता २८३ ला ७, ११, १३ यांपैकी कुणानेच भाग जात नाही, म्हणून १३७१७४२१ लाही जात नाही. तीन भागाकारांचं काम एका ओळीत होतं. स्कॉलरशिपला बसणाऱ्या मुलांनी ही कसोटी हाताशी ठेवावी.

आणि आता साताऱ्याचं. ४१५००१ : गट १ आणि ४१५, फरक ४१४. त्याला ७, ११, १३ कुणानेच भाग जात नाही. मी पुढे १७, १९, २३ असं करत बसले नाही, सरळ वर्गमूळ काढलं. ६४४ आणि थोडं. म्हणून ६४५ घेतले. ६४५ चा वर्ग ४,१६,०२५. त्यातून ४,१५,००१ गेले, उरले १०२४. म्हणजे ३२ चा वर्ग! पहिल्याच पायरीत.

४१५००१ = ६४५² − ३२² = ६१३ × ६७७

दोन्ही मूळ आहेत. व्याह्यांना जरूर कळवा. सांगलीची संख्या लहान लहान अवयवांनी भरलेली, साताऱ्याची दोनच मोठ्या मूळ संख्यांची. लहान मूळ संख्यांनी भागत गेलात तर साताऱ्यासाठी ६०७ पर्यंत हात हलवत यावं लागतं आणि मग कुठे ६१३ ला यश येतं. मला विचाराल तर हे सांगलीपेक्षा सुंदर आहे, आणि मी सांगलीची असून हे लिहितेय.

प्रश्न : ताई, आमची हळदीची आडत आहे. लहानपणी वडील दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर १२३४५६७९ ला ६३ ने गुणायला लावायचे. सगळे सातच यायचे. यात ८ गाळावा लागतो, तो का? ठेवला तर का जमत नाही? (एक आडतदार, मार्केट यार्ड, सांगली)

उत्तर : दादा, वडिलांनी चांगली सवय लावली. जादू ६३ मध्ये नाही, त्याच्यातल्या ९ मध्ये आहे. १२३४५६७९ × ९ = १११११११११. मग ७ ने गुणलं की सगळे सात. पाच हवे असतील तर ४५ ने गुणा.

८ कुठे गेला, हे बघायला १ ला ८१ ने भागा. उत्तर येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आणि हे असंच फिरत राहतं. यामागे खरं तर सगळेच अंक ओळीने उभे आहेत. दशांश चिन्हानंतर पहिल्या घरात ०, मग १, २, ३ असं ८, ९ पर्यंत. पुढच्या घरात १० बसायला येतात. एका घरात दहा मावत नाहीत, त्यांचा हातचा १ डावीकडच्या ९ ला मिळतो. ९ चे १० झाले, ० राहिला आणि हातचा १ पुन्हा डावीकडे, ८ ला. ८ चा झाला ९. तिथे हातचा थांबला, कारण ९ एका घरात मावतो. म्हणून ७ नंतर ९ दिसतो आणि त्यानंतर ०. कुणी ८ गाळलेला नाही, हातच्याने त्याचा ९ केला. तुम्ही हिशेबाच्या वहीत रोज हातचा घेता, तुम्हाला हे एकदा करून बघितलं की पटेल.

याच घराण्यातली आणखी एक गोष्ट. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अशा संख्यांचा अभ्यास नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी केला. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, त्या स्टेशनच्या नावावरून त्यांनी या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. दहा एक घेऊन वर्ग केला तर मात्र ओळ मोडते, १२३४५६७९००९८७६५४३२१ येतात. इथेही ८ हरवला आणि कारण तेच, मधल्या घरात १० आले. कापरेकरांकडे शाळेचा पगार, कागद आणि पेन्सिल एवढंच होतं, आणि ६१७४ या त्यांच्या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

तुमच्या संख्येचे अवयव विचारले नाहीत, तरी देते : १२३४५६७९ = ३७ × ३,३३,६६७. दोन्ही मूळ.

प्रश्न : १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदा वापरून नऊ अंकी मूळ संख्या बनवता येईल का? (एक वाचक, विटा)

उत्तर : नाही. अंक कसेही लावा, बेरीज ४५ च राहणार आणि ९ ने भाग जाणार. अशा ३,६२,८८० संख्या होतात, त्यांतली एकही मूळ नाही. १ ते ८ घेतले तरी तेच, बेरीज ३६. १ ते ७ घ्या, बेरीज २८, मग वाट मोकळी होते. त्यांतली सर्वात मोठी मूळ संख्या ७६५२४१३.

प्रश्न : मोठमोठ्या संख्यांचे अवयव काढून सामान्य माणसाला काय मिळतं? मुलांचा वेळ जातो असं नाही वाटत? (एक पालक, कराड)

उत्तर : तुमचा प्रश्न मी गंभीरपणे घेते, कारण वर्गाबाहेर पालकांनी तो मला अनेकदा विचारलाय. मोबाइलवर बँकेचं पान उघडलं की तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ती कुलूपबंद केली जाते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी सुचवलेलं असं एक कुलूप आजही खूप ठिकाणी वापरतात. ते दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभं आहे. गुणाकार सगळ्यांना दिसतो, त्याचे दोन अवयव मात्र फक्त मालकाकडे. गुणायला क्षण लागतो, फोडायला वर्षं. त्याच वर्षी या पद्धतीची एक १२९ अंकी संख्या कोडं म्हणून छापली गेली, ती १९९४ साली फुटली. २५० अंकी संख्या फुटायला २०२० चा फेब्रुवारी उजाडला. रोजच्या वापरात ६१७ अंकी संख्या असतात.

आता वरच्या मुलीचं गणित आठवा. दोन अवयव जवळ असले की मोठी संख्याही दोन पायऱ्यांत फुटते. हान्नो बॉक या संशोधकाने २०२२ साली दाखवून दिलं की काही प्रिंटरांमध्ये तयार झालेल्या कुलपांच्या दोन मूळ संख्या एकमेकींच्या फारच जवळ होत्या, आणि फर्माच्या रीतीने ती थोड्याच पायऱ्यांत उघडत होती. एवढ्या लांबीची संख्या, एरवी जगातल्या कुठल्याही संगणकाला न फुटणारी! तिला नारायण पंडितांची बाकीत विषम संख्या मिळवत जायची रीत पुरली. ही चूक होऊ नये म्हणून अमेरिकेच्या सरकारी मानकात नियम आहे : दोन मूळ संख्यांमध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अंतर हवंच. तो नियम ज्या कुणी प्रोग्रॅमरने पाळला नाही, त्याला तासगावच्या या मुलीने कारण समजावून सांगितलं असतं.

तिच्या वेळेविषयी म्हणाल, तर तिने सुट्टीत बावीस भागाकार केले, अडली, आणि अडल्यावर पत्र लिहून विचारलं. तुमच्या मुलालाही एक संख्या देते, सोबत बसून करा : १०,४०३. वर्गमूळ १०१ आणि १०२ च्या मधे आहे, म्हणून १०२ पासून सुरुवात करायची. उत्तर पाठवलंत तर पुढच्या अंकात याहून मोठी देईन.